पाहुणा रात्री कुठे जेवतो?

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. नोकरीनिमित्त काही वर्षांपासून मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात राहतो. घरी फोन केला की सिंधुदुर्गाचा गोवा होऊ द्यायचा की नाही, हा विषय निघतोच. १९९७ मध्ये आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासूनचा हा वाद शेजारच्या गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर अधिक तापला आहे. एक बाजू दारू आणि रात्रीच्या गोंगाटाला घाबरते, दुसरी रोजगाराकडे बोट दाखवते. दोन्ही बाजूंबद्दल मला आस्था आहे. पण आलेला पाहुणा रात्रीचे जेवण कुठे घेतो, हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

तो मला सुचला पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बांदेरास उपसागरापाशी, जिथे आम्ही सुट्टीत सहकुटुंब जातो. तेरेखोल जशी गोवा आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये वाहते, तशी तिथे आमेका नदी हालिस्को आणि नायारित या दोन राज्यांची हद्द आहे. दक्षिणेला प्वेर्तो वायार्ता हे जुने गाव आणि उत्तरेला आखणी करून वसवलेले नुएवो वायार्ता, ज्याचे नाव आता नुएवो नायारित असे केले आहे. विमानतळ हालिस्कोच्या हद्दीत असल्याने पलीकडच्या हॉटेलांचे पाहुणेही तिथेच उतरतात. पूर्वी दोन काठांच्या घड्याळांत एक तासाचा फरक होता आणि लोकांची विमाने चुकत; म्हणून २०१० मध्ये नायारितच्या या तालुक्याने शेजारच्या राज्याची वेळ स्वीकारली.

घड्याळे जुळली, पण दोन काठांवरची संध्याकाळ वेगळीच राहिली. उत्तरेकडच्या मोठ्या हॉटेलांत राहणे, खाणे, पिणे आणि रात्रीचा कार्यक्रम या सर्वांचे पैसे एकदाच भरायचे असतात. मनगटावर पट्टी बांधली की फाटकाबाहेर पडण्याचे कारण उरत नाही. आम्ही पहिल्या वर्षी तिथेच उतरलो. मुले खूश होती, परंतु चार दिवसांत आम्ही त्या गावातल्या एकाही माणसाच्या हातचे जेवण त्याच्या दुकानात बसून खाल्ले नाही, हे मला परतताना फार लागले. दक्षिणेकडच्या प्वेर्तो वायार्तात मात्र बरीच लहान हॉटेले गल्ल्यांमध्येच आहेत. अंधार पडताच समुद्रालगतच्या मालेकोन या पायवाटेवर स्थानिक कुटुंबे आणि परदेशी पाहुणे एकत्र फिरतात, आणि लोस मुएर्तोस या किनाऱ्याच्या वाळूत काठीला लावून भाजलेली मासळी विकणाऱ्याचाही धंदा होतो. बुसेरियास हे गाव नुएवो वायार्ताच्या पुढे, नायारितमध्येच असले तरी तिथेही किनाऱ्यावरच्या खानावळी चालतात. उभा चिरून, मिरचीचा मसाला चोळून निखाऱ्यावर भाजलेला अख्खा मासा, ज्याला ते सारांदेआदो म्हणतात, खाताना मला आमच्याकडच्या तांबोशाची आठवण होते. म्हणजे फरक राज्यांचा नाही, हॉटेलच्या रचनेचा आहे.

वायार्ताची किंमतही मी लपवणार नाही. जुन्या वस्तीतल्या मद्यालयांचा आवाज उत्तररात्रीपर्यंत थांबत नाही आणि तिथे पूर्वापार राहणाऱ्यांना भाडी परवडेनाशी झाली आहेत. नुएवो वायार्ता शांत आहे, हे खरे. पण तिथे खोल्या आवरणारे आणि स्वयंपाकघरात राबणारे पुष्कळसे लोक आतल्या बाजूच्या वस्त्यांतून बसने येतात, तेव्हा त्या शांततेत गावाचा वाटा फार थोडा आहे.

एक गोष्ट मात्र मेक्सिकोकडून घेण्यासारखी आहे. तिथे किनारा कायद्याने सर्वांचा आहे, आणि ऑक्टोबर २०२० मधील दुरुस्तीने वाट अडवणाऱ्या मालकाला जबर दंडाची तरतूद झाली. अंमलबजावणीवरून तक्रारी होत असतात, तरी सामान्य माणसाला दाखवायला कायदा हाताशी आहे.

मालवण-तारकर्लीत पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेतली घरे आहेत, जिथे पाहुणा घरमालकिणीच्या हातची सोलकढी पितो. मोठ्या हॉटेलांना माझा विरोध नाही. परवानगी देण्यापूर्वी ग्रामसभेने दोनच गोष्टी लेखी मागाव्यात, एवढे मी भावाला कळवले आहे: रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांची, समुद्राकडे जाणारी वाट बंद होणार नाही आणि खोलीच्या भाड्यात रात्रीचे जेवण सक्तीने धरले जाणार नाही.