‘खारा वारा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: ब्रेड, लाइन आणि माझी तथाकथित दलाली

काइटबोर्डिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर घसरायचा खेळ; त्यातल्या बारच्या (हातातल्या दांड्याच्या) लाइन, म्हणजे दांड्यापासून पतंगापर्यंतच्या चार दोऱ्या, दोन पुढच्या आणि दोन मागच्या, कशा बदलाव्यात यावरच्या माझ्या लेखाखाली ‘खारा वारा’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार असं: मी परदेशी लाइन विकणाऱ्यांचा दलाल आहे, चारही लाइन एकदम बदला हा सल्ला म्हणजे लोकांच्या खिशात हात घालणं, एसके९९ (काइटच्या लाइनच्या डायनीमा धाग्याचा जास्त ताकदीचा प्रकार) बद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही, आणि शेवटी, शब्दशः (‘ब्रेड’ म्हणजे मासेमारीची विणलेली दोरी, पाव नव्हे): ‘मालवणात जाळ्यांच्या दुकानात मिळते ती ब्रेड म्हणजेच डायनीमा, मी ३००ची लावून मोरजीला अख्खा सीझन काढला, तुमच्या लेखातला आकडाही ३००च आहे, कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा आणि लॅपटॉपवरून काइट उडवणं बंद करा.’

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण दलाल? या ब्लॉगवर एक जाहिरात दाखवा. एक कूपन कोड दाखवा. आजवर माझ्या बारवर चढलेली प्रत्येक लाइन मी पदरचे पैसे मोजून घेतली आहे आणि कस्टमला भरलेल्या पैशांचं दुःख अजून ताजं आहे. आपण स्वतःचं नावसुद्धा लिहीत नाही आणि दुसऱ्याच्या सचोटीवर बोट ठेवता, ही कुठली रीत? मुद्दा सभ्य भाषेतही मांडता आला असता. मी तरी आतापर्यंत ‘आपण’ म्हणतोय.

आता ‘मच्छीमाराला विचारा’. मी वेंगुर्ल्याचा. काकांची होडी होती, आणि जाळं विणायची सुई माझ्या हातात पाटीवरच्या पेन्सिलीच्या आधी आली. बंदरावर ज्यांच्या मांडीवर बसून मी गाठी शिकलो त्यांना काय विचारायचं आणि काय नाही, हे मला कोणी टोपणनावाआडून शिकवू नये. विचारायचंच असेल तर विचारा: पागाची दोरी कोणी नांगराला बांधतं का?

एक गोष्ट मान्य. धागा एकच आहे. डायनीमा काय, स्पेक्ट्रा काय, ही कंपन्यांनी दिलेली नावं; आत दोन्हीकडे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन. मासेमारीची चांगली ब्रेडही त्याचीच, म्हणून तीही पाण्यावर तरंगते. हे लेखात एका ओळीत यायला हवं होतं, ते तुमच्या निमित्ताने आलं. आभार.

पण ‘३००’! हे वाचून मी खुर्चीतून उठलो. महाराज, तुमच्या रिळावरचे ३००, म्हणजे तुटेपर्यंत दोरी पेलते तो भार, हे पौंड आहेत. माझ्या लेखातले किलो. ३०० पौंड म्हणजे १३६ किलो, निम्म्याहूनही कमी. रिळावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, चष्मा लावून बघा. पुढच्या लाइन साधारण ३०० किलोच्या आणि मागच्या त्याहून थोड्या कमी का ठेवतात? आपलं वजन सत्तर किलो असलं म्हणून लाइनवर सत्तरच किलो येत नाहीत. लाटेत काइट आपटली, उडीनंतर ढिली पडलेली लाइन एकदम ताणली गेली, की झटका कितीतरी पट बसतो.

शिवाय ते १३६ किलो गाठीशिवायचे. हा धागा इतका गुळगुळीत, की साधी गाठ त्यात टिकत नाही, आणि टिकली तर गाठीपाशी ताकद जवळपास निम्मी होते. म्हणून काइटच्या लाइनचा फास गाठ मारून करत नाहीत. टोक लाइनच्याच पोटात ओवून किंवा शिवून करतात आणि वर पॉलिएस्टरची बाही चढवतात. मासेमारीची बहुतेक ब्रेड घट्ट विणीची असते, तिच्या पोटात काही ओवता येत नाही. मग लोक काय करतात? बोलाइन (फासाची एक गाठ) मारतात आणि देवावर हवाला ठेवतात.

मोरजीलाच एका मित्राच्या बारवर मागच्या लाइनला अशीच ब्रेड होती. दुपारचा वारा चढत होता, त्याने बार ओढला आणि डावी लाइन फासातून सुटली. काइट एका अंगावर गोल फिरायला लागली. नशीब, त्याने बार सोडला आणि काइटची ताकद सोडणारी सेफ्टी ओढली. किनाऱ्यावर ते टोक मी हातात घेऊन पाहिलं. धागे तुटलेलेच नव्हते. गाठीतून सरकताना घासून टोकाचा बोटभर भाग काचेसारखा चकचकीत आणि कडक झाला होता. हा धागा सुमारे १५० अंशांना वितळतो आणि घर्षणाला तेवढी उष्णता तयार करायला वेळ लागत नाही. तुम्ही सीझन काढलात, छान. माझा मित्रही तोपर्यंत काढतच होता.

आणि ताण. काइटच्या चांगल्या लाइन कारखान्यातच उष्णता देऊन ताणलेल्या असतात, त्यामुळे वीण आधीच बसलेली असते. साध्या ब्रेडची वीण तुमच्या बारवर बसते, म्हणजे लाइन लांबते. २२ मीटरच्या लाइनवर अर्धा टक्का म्हणजे ११ सेंटिमीटर. बारचा सगळा प्रवास हातभर, त्यातले ११ सेंटिमीटर गेले. भार पुढच्या लाइनवर जास्त म्हणून त्या जास्त वाढतात, मागच्या त्यांच्यापुढे आखूड पडतात, आणि बार पूर्ण वर ढकलला तरी काइट मोकळी होत नाही. कमी वाऱ्यात ती मागे सरकत पाठीवर पडते. जोराचा झोत आला तर ताकद सोडायची म्हटली तरी सुटत नाही, आणि तेव्हा समोर माड असतात.

तुमच्या चार लाइनच्या आक्षेपाचं उत्तर यातच आहे. जुन्या पुढच्या, नव्या मागच्या, असा संसार केलात की हाच फरक पहिल्या दिवसापासून. बारच्या टोकांना गाठी असतात, त्यावर जमवता येतं, असं तुम्ही म्हणता, जमवा बापडे. निदान चारही टोकं एका खिळ्याला अडकवून, हार्नेस (कमरेचा पट्टा) लावून, मागे झुकून बार सरळ राहतो का ते दर थोड्या दिवसांनी बघा. बजेटच नसेल तर पुढच्या दोन आणि मागच्या दोन अशा जोडीने बदला, पण जोडी फोडू नका. हे मूळ लेखातही आहे; पण पूर्ण वाचायची तसदी कोण घेतो.

एसके९९: आहे, उत्तम आहे. एसके७८ पेक्षा ताकद जास्त, म्हणून तेवढ्याच ताकदीला बारीक लाइन चालते आणि हवेचा अडथळा घटतो. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या पाण्यात फॉर्म्युला काइटवाले शर्यत करत होते त्यांना त्याचं मोल. आपल्याकडे लाइन वाळूत लोळते, शिंपल्यांवर घासते, टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात अडकते. बारीक लाइन तिथे लवकर मरते. शिकणाऱ्या पोरांना मी एसके७५ किंवा ७८ च सांगेन. हा माझा कल आहे, कोणाची दलाली नाही.

केव्हलारचं तुम्ही जाता जाता सुचवलंत ते मी न वाचल्यासारखं करतो. उन्हात कमजोर होणारा आणि शेजारच्याची लाइन कापणारा धागा गर्दीच्या किनाऱ्यावर आणू नका, एवढंच.

तुमची पुढची प्रतिक्रिया जरूर छापेन. फक्त रिळाचा फोटो जोडा, पौंडाचा आकडा दिसेल असा, आणि ‘दलाल’ काढून पाठवा.