आत्याचा रिपोर्ट आणि आईची गोधडी

आज सकाळी आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाने आत्याच्या बायॉप्सीचा रिपोर्ट टाकला. नाव, वय, कोणता स्तन, सगळं. खाली ‘सर्वांनी प्रार्थना करा’. ग्रुपात सत्तर माणसं. आत्या त्यात नाही, तिच्याकडे साधा फोन आहे.

तेव्हापासून डोकं सणकलंय.

गेल्या उन्हाळ्यात आईची विरलेली गोधडी मी उसवायला घेतली. वर लुगड्यांची ठिगळं, खाली अस्तर, आणि मधल्या थरात एक निळं ब्लाऊज निघालं. डाव्या बाजूला आतून कापडाची जाड घडी शिवलेली. १९९८ साली आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्हा मुलांना ‘गाठ काढली’ एवढंच सांगितलं होतं. ते ब्लाऊज तिने टाकलं नाही, गोधडीच्या पोटात घातलं आणि वरून धावदोरा मारला. इतकी वर्षं आम्ही ते पांघरून झोपलो.

कुठला थर वर, कुठला आत, हे तिने ठरवलं. आत्याला कोणी विचारलं?

माझी लेक कापडावर काम करते. तिला ती गोधडी प्रदर्शनात लावायची होती. मी कडाडून नाही म्हटलं. आई मात्र शांतपणे म्हणाली, "ब्लाऊज दाखव बाळा, माझं नाव नको." (ही पोस्टही तिला वाचून दाखवलीय.) लेकीने मग मला एड्सने गेलेल्यांच्या गोधडीचे फोटो दाखवले. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते, एकेक तीन फूट बाय सहा फूट, थडग्याएवढा. त्या गोधडीत काही तुकड्यांवर नुसतं पहिलं नाव आहे, काहींवर तेही नाही. शिवणाऱ्यांनी रात्र रात्र जागून शिवलं असणार, तरी नाव झाकलं. ते बघताना मला आईचाच धावदोरा दिसत होता.

हो, रक्ताच्या माणसांना कळायला हवं, मान्य. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा, बीआरसीए नावाच्या जनुकातला दोष असेल तर तो प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, मुलगी असो वा मुलगा. पण ते आत्याशी बोलून, ज्याला त्याला घरी बसवून सांगायचं असतं. आणि दादा, तो दोष आजीआजोबांकडून आला असेल तर तुझ्या रक्तातही असू शकतो. उद्या तुझी तपासणी झाली तर टाकशील ग्रुपवर?

तुझी माया खोटी नाही, हे मला ठाऊक आहे. आत्याने तुला कडेवर खेळवलंय. म्हणून तर जास्त लागलं रे.

संध्याकाळी तिला फोन केला. आजाराबद्दल एक शब्द नाही. तिने एवढंच विचारलं, "कोणाकोणाला कळलं गं? व्याह्यांनाही?"

मला उत्तर देता आलं नाही. दादा, फोटो काढून टाकलास, ठीक. आता तिच्या घरी जा आणि समोर बसून सांग, कोणाकोणाला.