सर्टिफाइड घरघर

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी पुण्यातल्या शोरूमवाल्यांनी माझ्या हातात चार फुटी पुठ्ठ्याची किल्ली दिली. एका बाजूने मी धरली, दुसऱ्या बाजूने हिने. मधे आमचे चिरंजीव, हातात केकचा तुकडा. बॉनेटवर लाल रिबन. फोटो काढणारा पोरगा म्हणाला, "सर, स्माइल!" मी हसलो. इतकं मनापासून मी लग्नाच्या फोटोतही हसलेलो नाही, असं हिचं म्हणणं आहे.

गाडी जुनी होती, पण 'जुनी' म्हणायचं नाही. 'सर्टिफाइड'. सहा वर्षं कुणीतरी पुण्यात चालवलेली, किंमत 4,85,000, आणि 140 तपासण्यांतून तावून सुलाखून निघालेली. त्या तपासण्यांची यादी फाइलमधे होती. एक वर्ष किंवा 15,000 किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटीही होती. मालकी बदलण्याच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या, एमएच-12 नंबरच्या गाडीत बसलो आणि साताऱ्याला निघालो. खंबाटकीचा घाट चढताना ही म्हणाली, "अहो, कसला आवाज येतोय?"

मी म्हणालो, "टेप बंद कर." टेप बंदच होता.

जात्यात मूठभर हरभरे टाकून कुणीतरी अगदी सावकाश भरडावेत, तशी घरघर होती. आठवड्याभरात ती इतकी वाढली, की सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला माझ्याकडे सहानुभूतीने बघू लागला. नवी गाडी घेतली की लोक पेढे मागतात. आमच्या कॉलनीत लोकांनी पेढे खाल्ले आणि मग हळूच विचारलं, "गाडीला घरघर लागलीय का हो?"

तक्रार घेऊन शोरूमची पहिली फेरी. पुण्याला जाताना खंबाटकीचा घाट लागत नाही, बोगदा लागतो. आवाज नीट ऐकू यावा म्हणून बोगद्यात चारी काचा खाली केल्या. आमच्या मागे ऊस वाहणारा ट्रक होता. तीन मिनिटांनी बाहेर पडलो तेव्हा गाडीचाच काय, एकमेकांचाही आवाज येत नव्हता.

शोरूममधे विकणारे साहेब आता भेटत नाहीत. विक्री झाली की तुम्ही 'सर्व्हिस ॲडव्हायजर' नावाच्या माणसाकडे वर्ग होता, पहिलीतून दुसरीत गेल्यासारखे. या गृहस्थांनी मला शेजारी बसवून गाडी चक्कर मारायला नेली. निघतानाच एसी चारवर केला आणि गाणी लावली.

"सर, मला तर काही येत नाही."

"एसी बंद करा ना."

एसी बंद केल्यावर आवाज आला. त्यांनी मान एका बाजूला करून, डोळे मिटून, तंबोरा जुळवणाऱ्या माणसासारखा तो ऐकला. "हा नॉर्मल आहे सर. या मॉडेलला असतोच."

शेजारीच तेच मॉडेल, तोच रंग, विकायला उभं होतं. मी म्हणालो, चालू करून बघू. ते चालू केलं. ते देवळासारखं शांत. ॲडव्हायजर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "हिला अजून यायचाय."

या उत्तरावर मी साताऱ्याला परत आलो. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, आनेवाडी आणि खेड-शिवापूरचे मिळून चार टोल. प्रत्येक टोलला मोबाइल टुंग करून पैसे कापल्याचं कळवायचा. घाटात माझ्या लक्षात आलं, की 15,000 किलोमीटरची वॉरंटी मागायला जाण्यातच ती संपत चाललीय.

दुसऱ्या फेरीत निदान पुढे सरकलं. आवाज आहे, हे मान्य झालं. मात्र तो क्लचचा आहे, आणि क्लच हा 'वेअर अँड टेअर'मधे, म्हणजे वापराने झिजणाऱ्या भागांत येतो, असं समजलं. फाइलच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत यादी होती: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, बल्ब, सगळे रबरी भाग. थोडक्यात, जे जे बिघडतं ते ते वॉरंटीत नाही. वर अंदाजपत्रक आलं, 14,600 रुपये अधिक जीएसटी.

येताना पोवई नाक्यापुढच्या गॅरेजला गाडी घातली. तिथले मिस्त्री माझ्या स्कूटरचे जुने डॉक्टर. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. विडी विझवली आणि खिडकीशी येऊन उभे राहिले.

"न्यूट्रलला ठेवा सायेब. क्लचवरचा पाय काढा. येतुय?"

घर्रर्र. येत होता.

"आता क्लच दाबा. पूर्ण."

दाबला. आवाज गेला. एकदम चिडीचूप. रस्त्यापलीकडच्या भेळवाल्याचं कांदा चिरणं ऐकू आलं.

"सोडा."

घर्रर्र.

"ह्यो क्लच न्हाई," मिस्त्री म्हणाले. "क्लचचं रिलीज बेरिंग गेलं आसतं, तर पाय दाबल्यावर आवाज आला आसता. हितं दाबल्यावर जातुय. पाय दाबला की गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरायचा थांबतुय, म्हनून बेरिंग गप बसतंय. शाफ्टचं बेरिंग हाय ह्ये. गिअरबॉक्सच्या आतलं."

"म्हणजे वॉरंटीत?"

"त्ये तुमचं तुमी बघा. मी बेरिंगचं सांगितलं."

दोन मिनिटांत, फुकट. 140 तपासण्या करणाऱ्यांना ही एकशे एकेचाळिसावी सुचली नव्हती. त्या रात्री मी पार्किंगमधे गाडीत बसून पन्नासेक वेळा क्लच दाबला आणि सोडला. येतो, जातो. येतो, जातो. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी हिला विचारलं, "साहेबांचं काही बिनसलंय का?"

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी जिल्हा परिषदेत बावीस वर्षं आवक-जावक सांभाळतो. यंत्रातलं मला काही कळत नाही, पण कागदातलं कळतं. मी ती तपासणीची यादी पुन्हा काढली आणि आमच्या लेखा विभागाच्या नजरेने वाचली. पहिल्या दोन पानांवर प्रत्येक मुद्द्यापुढे वेगळी टीक होती. हॉर्न ओके, सीट बेल्ट ओके, लायटर ओके. तिसऱ्या पानापासून मात्र टिका संपल्या आणि वरून खालपर्यंत एकच लांब रेघ सुरू झाली. तपासणाऱ्याला बहुधा जेवायला जायचं असावं. त्या रेघेच्या वाटेत 96 क्रमांकाचा मुद्दा होता: 'गिअरबॉक्समधून असाधारण आवाज नाही'. नेमकी तिथे रेघ जरा वाकडी झाली होती. कदाचित तिलाही ऐकू आलं असेल.

मग 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावून तक्रार नोंदवली. शिवाय सासरवाडीकडून एक वकील आहेत, त्यांना गाठलं. जावयाकडून त्यांनी फी घेतली नाही, पण जेवायला थांबवून सगळा कायदा सांगितला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार करणारा जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. दुकान पुण्यात असलं तरी दावा साताऱ्यात. त्यात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात शुल्कच नाही. स्वस्तातली गाडी घेतल्याचा फायदा मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

मी मराठीत पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयान्वये' वगैरे सगळं रीतसर. सोबत यादीच्या तिसऱ्या पानाची प्रत, 96 वर लाल वर्तुळ. एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवली आणि दुसरी घेऊन तिसऱ्या फेरीला स्वतः निघालो. हिने कंदी पेढ्यांचा पाव किलोचा बॉक्स दिला. "कशाला?" "असू द्या. भांडण झालं तर तोंड गोड करायला."

काउंटरवर पत्र दिलं आणि पोच मागितली. त्यांना पोच म्हणजे काय ते कळेना. मी म्हणालो, शिक्का मारून सही करा. आवकचा शिक्का त्यांच्याकडे नव्हता. एवढा काचेचा महाल, कॉफीचं मशीन, आणि आवकचा शिक्का नाही! बरीच शोधाशोध होऊन शेवटी 'डिलिव्हर्ड' असा शिक्का सापडला. तो मारून घेतला. समोरच्या भिंतीवर 'आमचे आनंदी ग्राहक' असा फलक होता, त्यावर दुसऱ्या रांगेत मी पुठ्ठ्याची किल्ली धरून हसत होतो. त्या माणसाचा मला मनस्वी राग आला.

मॅनेजर तरुण होते, इन केलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र. पत्र वाचताना पहिल्या पानावर त्यांचा चेहरा शांत होता. दुसऱ्या पानावर म्हणाले, "साताऱ्याला? साताऱ्याला का?"

"कायदाच तसा आहे साहेब. तुम्हाला तारखेला यावं लागेल. येताना घाट लागतो, जाताना बोगदा."

इतके दिवस माझ्या चेहऱ्यावर असलेला आनेवाडीचा टोलनाका तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

मी त्यांना गाडीपाशी नेलं. ॲडव्हायजर होते, दोन मेकॅनिक होते, चहावालाही येऊन उभा राहिला. मी मिस्त्रींसारखाच उभा राहिलो आणि मॅनेजरनाच सीटवर बसवलं. "न्यूट्रल. पाय काढा. येतोय?" घर्रर्र. "आता दाबा." शांतता. "सोडा." घर्रर्र. त्यांनी स्वतःहून आणखी तीनदा करून बघितलं. मग ॲडव्हायजरांकडे असं पाहिलं, की ते एकदम बॉनेट पुसू लागले. मागून एक मेकॅनिक हळूच म्हणाला, "मी पहिल्या दिवशीच बोललो होतो सर, बेरिंग आहे म्हणून."

तडजोड झाली. बेरिंग आणि मजुरी त्यांची, गिअर ऑइल माझं. ऑइलवरून पाऊण तास घासाघीस झाली, ती इथे सांगत बसत नाही, मी हरलो. गाडी तिथे ठेवून एसटीने परत आलो. चौथ्या दिवशी फोन: "सर, गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर क्लच प्लेट पण टाकून घ्या. बघा फोटो." फोटो मिस्त्रींना दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला. "प्लेट गेलीय खरी. पर ह्याच गाडीची कशावरनं?" मी कळवलं, प्लेट नको, आणि काढलेले जुने पार्ट मला परत हवेत.

पार्ट मिळाले. एका पिशवीत तेलकट कागदात गुंडाळलेलं बेरिंग. बोटावर फिरवलं की आतून खरखर लागते, दाताखाली खडा यावा तशी. ते मी स्वच्छ पुसून ऑफिसात आवक रजिस्टरवर ठेवलंय. पंख्याने पानं उडत नाहीत. पेढे मात्र सर्व्हिस सेंटरमधे त्या हळूच बोललेल्या मेकॅनिकला देऊन आलो.

निघताना ॲडव्हायजरांनी गाडीच्या दारापर्यंत येऊन खालच्या आवाजात विनंती केली. "सर, फीडबॅकचा फोन येईल. दहापैकी दहाच द्या हां. नऊ दिले तरी आमचा शून्य धरतात."

मी काही बोललो नाही. दोन द्यायचे की तीन, यावर घाटभर हिचा-माझा वाद चालला. वाद व्यवस्थित ऐकू येत होता, इतकी गाडी शांत होती.

फोन तिसऱ्या दिवशी, ऐन आवकच्या गर्दीत आला. मी कोपऱ्यात गेलो, घसा साफ केला, मनात सगळी कैफियत क्रमवार लावून घेतली. पलीकडून गोड आवाजात मुलगी म्हणाली, "हॅलो सर, आपण आमच्याकडे गाडी दिली होतीत... हॅलो? सर, आवाज येतोय का?"

"नाही," मी म्हणालो, "आता नाही येत."

"ओके सर, नंतर करते," असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.