बायको आहे ना, मग कोर्ट कशाला?

‘आपल्याकडे माणसं असतात, कागद तुमच्याकडे लागतात.’ मी कॅलिफोर्नियात राहते; घरच्या ग्रुपवर मामेभावाने मला उद्देशून हे टाकलं आणि माझं डोकं फिरलं. परळच्या मावशीचे यजमान कोमात आहेत, एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर. बँक कोर्टाचा हुकूम मागते, वकील हायकोर्टात जा म्हणतो. लग्नाच्या बायकोला हायकोर्ट? हे तिकडचं फॅड, असं ग्रुपचं मत.

अरे, तिकडचं कसलं? भारतातल्याच कायद्यातली फट आहे. 1999चा राष्ट्रीय न्यास कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता एवढ्यापुरता. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांबद्दल बोलेल, एफडी मोडू शकणार नाही. मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) केलेलं असलं तरी करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे देणाऱ्याचं भान सुटलं की तेही संपतं. नेमकं हवं तेव्हाच! उरतं ते राज्यघटनेच्या अनुच्छेद 226खाली हायकोर्टात रिट याचिका.

इथे कॅलिफोर्नियात आम्ही दोघांनी ड्युरेबल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी केव्हाच करून ठेवली. भान गेल्यावरही ती चालते. भावाने लगेच गायिका ब्रिटनी स्पीअर्स काढली: 2008 ते 2021 कॉन्झर्व्हेटरशिप, म्हणजे कोर्टाने नेमलेलं पालकत्व, पैसा बराच काळ बापाच्या हाती. मी म्हटलं, शेवटी कोर्टानेच सोडवलं ना तिला? (सुरुवातीला कोर्टानेच तिला स्वतःचा वकील निवडू दिला नव्हता, ते लिहिलं नाही.)

मग मी परळचाच दाखला दिला. केईएम रुग्णालयातली नर्स अरुणा शानबाग 1973च्या हल्ल्यानंतर भान हरपून 2015 पर्यंत तिथेच होती. 2011 साली सुप्रीम कोर्टाने तिच्या वतीने बोलायचा हक्क तिच्या दयामरणासाठी याचिका करणाऱ्या लेखिकेला नाही, वर्षानुवर्षं तिचं करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. नातं करण्यातून ठरतं, असं मी वर ठसक्यात लिहिलं.

त्या न्यायाने पार्ल्यात एकटी राहणारी माझी आई शेजारच्या काकूंची. गोळ्या त्या भरून ठेवतात, रक्त तपासायला त्याच नेतात. मी रविवारी व्हिडिओवर ‘पाणी पितेस ना?’ विचारते, आणि पैसे पाठवते. मागच्या खेपेला म्हटलं, उपचारांबाबत कोणाचं ऐकायचं ते लिहून ठेवू या. आई म्हणाली, ‘ठेव की. पण नाव हिचं घाल, तुला यायला दोन दिवस लागतात.’ मला राग आला, तोही काकूंचा. असं आधी लिहून ठेवण्याबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या 2023च्या सुधारित निर्देशांनुसार एकाहून जास्त नावं देता येतात, म्हणून दोघींची घालायचं ठरलं. पहिलं कोणाचं, यावर अजून अडलंय.