बांध मिटला, गूगलवरचं नाव मिटंना

खानापूरकडच्या शेतात दीड हात बांधावरून काकांनी मनाई दावा घातला, लोकअदालतीत तडजोड झाली, सह्या करून बाहेर येऊन दोघांनी चहा पण प्यालो, विषय संपला की हो! पण गूगलवर माझं नाव टाका, पहिलाच रिझल्ट त्या केसचा, 'काका विरुद्ध मी' म्हणून. पोरीच्या सोयरिकीला आलेल्यांनी मोबाईल पुढं केला, "हे तुम्हीच काय?" कोर्टाच्या केसी नेटवर टाकणाऱ्या साईटवाल्याला मेल केला तर म्हणे पब्लिक रेकॉर्ड आहे, कोर्टाची ऑर्डर आणा. म्हणजे केस पुसायला परत केस, त्यासाठी हायकोर्टाच्या धारवाड बेंचला खेटे घाला! २०१७ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं एका बाईचं नाव सर्चमध्ये दिसू नये अशी ऑर्डर दिलीय म्हणं, पण ते लग्नाचं प्रकरण, बांधाला कोण विचारतंय? काका तर खुशीत, "माझं नाव आधी येतंय की, मी वादी."