मुक्या स्कॅनरची निगा कशी राखावी

अभिनंदन! तुमच्याही पोलिसांनी रेडिओचे सगळे चॅनेल एन्क्रिप्ट केले, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला ऐकू येऊ नयेत असे कुलूपबंद केले असतील, तर या, आमच्या पंगतीला बसा. न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटीचा मुहूर्त गेल्या आठवड्यात लागला. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. जेवताना डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं, कोपऱ्यावरून सायरन गेले, मी सवयीने पोलिसांचं बोलणं ऐकवणाऱ्या स्कॅनरकडे वळलो. पडद्यावर ई-एन-सी (म्हणजे एन्क्रिप्टेड) अशी तीन अक्षरं, आणि आवाज शून्य. बायकोने विचारलं, "सेल संपले का?"

सेल शाबूत आहेत. संपलंय ते वेगळंच. तर अशा प्रसंगी काय करावं, याच्या या काही अनुभवी सूचना.

पहिली म्हणजे यंत्र फेकू नका. सातशे डॉलरच्या आसपासचा डिजिटल स्कॅनर कागदांवर वजन म्हणून उत्तम बसतो. अँटेना काढून ठेवा, डोळ्यात जाते.

हवामान ऐका. सरकारी हवामान रेडिओचे सात चॅनेल आहेत आणि त्यावर एक यांत्रिक आवाज न थकता पाऊस सांगतो. तो अजून कुणाला गुप्त ठेवावासा वाटलेला नाही.

एन्क्रिप्शन फोडायच्या भानगडीत पडू नका. २५६ बिटांची किल्ली शोधायला तुमच्या नातवाच्या पणतवाचंही आयुष्य पुरणार नाही. शिवाय १९८६च्या कायद्याने ते ऐकणं हाच गुन्हा आहे. आपण सज्जन माणसं. १९९४ नंतर बाजारात येणाऱ्या स्कॅनरमधून मोबाइल फोनच्या लहरींचा पट्टा कापला, तेव्हाही आपण मुकाट्याने मान डोलावली होती. आणि ते रास्तच होतं, कुणाचे खासगी फोन ऐकायचे नसतात.

मन रमवायला इतिहास वाचा. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८मध्ये गाड्यांशी रेडिओवरून बोलायला सुरुवात केली. गाड्यांनी उलट बोलायची सोय १९३३मध्ये प्रथम झाली ती आपल्या बेयॉन गावात, जर्सी सिटीच्या शेजारी. न्यूयॉर्कच्या वीजी या छायाचित्रकाराला १९३८मध्ये पोलिसांचा रेडिओ जवळ बाळगायची रीतसर परवानगी होती. तो घटनास्थळी पोलिसांच्या बरोबरीने हजर असायचा आणि त्याचे फोटो आता संग्रहालयात लावतात. बातमीदार, हौशी म्हातारे, रात्रपाळीचे टॅक्सीवाले, सगळे ऐकत होते. ऐंशी-नव्वद वर्षं लोकांनी ऐकलं आणि पोलिसांची कामंही होत राहिली, हे मात्र मोठ्याने म्हणू नका.

आता सर्वात महत्त्वाची सूचना: कारण विचारू नका. विचारलंत तर "नागरिकांची गोपनीयता" हे उत्तर मिळेल आणि तुम्हाला भरून येईल. कोण कुठले आपण, आणि आपल्या जन्मतारखेची, लायसन्स नंबरची एवढी काळजी! मलाही भरून आलं. मग मी शेजारचा चॅनेल लावला. ॲम्ब्युलन्सचा. तो उघडाच आहे! अमुक रस्ता, तमुक घर नंबर, ७८ वर्षांच्या बाई बाथरूममध्ये पडल्यात, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, दार मागच्या बाजूने उघडं आहे. सगळं खणखणीत, कुणीही ऐकावं. म्हणजे गोपनीयता म्हातारीची नाही. तिचा पत्ता, तिचं दुखणं, तिचं मागचं दार जगाला कळलं तरी चालेल. झाकायचं ते फक्त गणवेश घातलेला माणूस काय बोलतो ते. कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याने ऑक्टोबर २०२०मध्ये पोलिसांना चक्क दोन पर्याय दिले होते: रेडिओ एन्क्रिप्ट करा, नाहीतर लोकांची खासगी माहिती तेवढी रेडिओवर बोलू नका. दुसरा पर्याय जवळजवळ फुकट होता. तरी किती जणांनी धावत जाऊन पहिला उचलला! ढेकणासाठी घर जाळायचं, आणि राखेवर पाटी लावायची "स्वच्छता". तिथल्याच पालो आल्टो शहराने २०२१च्या जानेवारीत कुलूप घातलं आणि २०२२च्या सप्टेंबरमध्ये स्वतःहून काढलं. नाव-लायसन्स विचारायचं तर फोन आहे, गाडीत कॉम्प्युटर आहे, बाकीचं बोलणं उघडं. त्यानंतर पालो आल्टो काही लुटारूंच्या ताब्यात गेलेलं नाही.

दुसरं कारण चोरांचं. चोर म्हणे ऐकतात. म्हणजे आमच्याकडचा चोर आधी ट्रंकिंग सिस्टीमचा कंट्रोल चॅनेल शोधतो, टॉकग्रुप (एकेका कामाचे बोलायचे गट) भरतो, सायमलकास्टची खरखर घालवायला अँटेना फिरवतो आणि मग खिडकी फोडतो. एवढा अभ्यासू माणूस चोरीत का पडेल? बरं, फोनवरच्या ॲपमुळे ऐकणं सोपं झालं, हे मान्य. मग ओलीस-प्रकरण, धाड, पाळत यांचे चॅनेल बंद ठेवा की. ते कित्येक ठिकाणी आधीपासून बंदच आहेत आणि आम्हा हौशी मंडळींपैकी कुणी त्यावर हरकत घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. "एल्म स्ट्रीटवर हरीण आडवं पडलंय" यात कसलं गुपित आहे?

शिकागोत राहत असाल तर भाग्यवान आहात, तिथे पोलिसांचं बोलणं अर्ध्या तासाने ऐकवतात. दारात गोळीबार झाला तर अर्ध्या तासाने दाराला कडी लावा.

माहिती हवीच असेल तर मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्या रात्री आमच्या ग्रुपवर आधी दरोडा पडला, मग अपहरण झालं, मग अस्वल निघालं, आणि शेवटी कुणीतरी गणपतीचा फोटो टाकला. सकाळी पोलिसांच्या पानावर दोन ओळी आल्या: पोलीस कारवाई झाली, नागरिकांना धोका नाही. हेलिकॉप्टर बहुधा हवा खायला आलं होतं.

नाहीतर न्यू जर्सीच्या माहिती-अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करा. सात कामकाजाचे दिवस. २०२४मध्ये तो कायदाही सुधारलाय, म्हणजे नकाराविरुद्ध कोर्टात जिंकलात तरी तुमच्या वकिलाची फी सरकारने द्यायलाच हवी असं आता राहिलेलं नाही.

पुण्याच्या चुलतभावाला दुःख सांगू नका. तो म्हणतो, "आमच्याकडे लायसन्सशिवाय असलं यंत्र ठेवलं तर आत टाकतील. तुझं काय मोठं गेलंय?"

काय गेलंय ते सांगतो. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये, ११ सप्टेंबर २००१ला, पोलिसांच्या हेलिकॉप्टरने टॉवर पडणार असल्याचा इशारा दिला. तो वर चढणाऱ्या अग्निशमन जवानांपर्यंत पोचला नाही, कारण दोन्ही दलांचे रेडिओ वेगळे. त्या दलाचे ३४३ जण गेले. त्यानंतर सगळ्यांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून देशाने पैसा ओतला. आणि आता त्याच रेडिओंना किल्ल्या लावताय. शेजारच्या गावची गाडी मदतीला आली आणि तिच्याकडे किल्ली नसेल, तर तिलाही माझ्यासारखी शांतताच. न्यूयॉर्कने २०२३च्या जुलैपासून ब्रुकलिनमध्ये हेच सुरू केलं, सुमारे ३९ कोटी डॉलरच्या नव्या यंत्रणेवर. पैसे कुणाचे? माझ्या काउंटीतले तर माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधले आहेत, बिल दर तिमाहीला बरोबर येतं, ते कधी एन्क्रिप्ट होत नाही.

अहो, लाज वाटते तर तसं सांगा. गस्तीच्या गाडीत काय बोललं जातं, किती उशिरा पोचलात, कुणाला कुठल्या वर्णनावरून अडवलंत, हे लोकांच्या कानावर पडू नये म्हणून केलंय, म्हणा. म्हातारीचं नाव पुढे करू नका, तिची गुपितं तुम्ही रोज रेडिओवरून वाटताय. काउन्सिलच्या बैठकीत हा विषय का नव्हता? लोकांना तीन मिनिटं बोलू देता, तीही द्यायची नव्हती? मुख्य डिस्पॅचचा, म्हणजे गाड्या पाठवणाऱ्यांचा, टॉकग्रुप उघडा ठेवा, नाजूक कामं बंद चॅनेलवर करा. त्याला नवा टॉवर लागत नाही, नवी यंत्रणा लागत नाही, सेटिंग बदलायचं असतं. ते बदला.