बंडोपंतांची बंडी

"आई, बंडोपंत नागडा का असतो?"

हा प्रश्न लेकीने रात्री साडेदहाला विचारला. बंडोपंत म्हणजे तिचा टेडी. उंची 30 सेंटिमीटर, पोटाचा घेर 34, चेहऱ्यावर नुकतंच पंगतीतून उठल्याचं समाधान. अस्वलाला अंगभर केस असतात, त्याला कपडे लागत नाहीत, एवढं सांगून दिवा घालवायचा होता. शिवाय आम्ही राहतो डोंबिवलीत. इथे डिसेंबरात पंखा चारवरून तीनवर आला की लोक कानटोपी शोधतात. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "मी विणते हं त्याला लोकरीची बंडी," असं मी म्हणाले.

मला विणता येत नव्हतं.

रात्रीच मोबाईलवर एक अमेरिकन आजी सापडल्या. त्यांच्या मते टेडीची बंडी म्हणजे दोन चौकोनी तुकडे, तेही नुसत्या सुलट टाक्यांचे. सुलट-उलट, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक उलट, विणलं तर कडा सुरळीसारख्या वळतात. नुसतं सुलट विणलं की कापड पोळीसारखं सपाट बसतं, पाठपोट सारखं दिसतं. सहा नंबरच्या सुया घ्या, फार सोपं आहे, असं आजी गोड हसून म्हणाल्या. 'सोपं' हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. पुढच्या पाच आठवड्यांत तो इतक्यांदा ऐकला की आता कोणी पत्ता सांगताना 'सोपं आहे' म्हणालं तरी मी रिक्षा करते.

दुसऱ्या दिवशी सहा नंबरच्या सुया आणि पिवळ्या लोकरीचा गुंडा आणला. लोकर म्हणायची आपली पद्धत. मेंढीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, सगळं ॲक्रिलिक. विणायला वेळ एकच होता, डोंबिवली ते सीएसएमटी. आणि जागा? लेडीज डब्यातली चौथी सीट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तिघींच्या बाकावर चौथीने टेकायचं असतं, त्यात अर्धी मी बाकावर आणि अर्धी रेल्वेच्या भरवशावर. विणायला दोन कोपरं लागतात. चौथ्या सीटवर मिळतं एक, तेही शेजारणीच्या परवानगीने.

एकूण 34 टाके घातले आणि विणायला लागले. मापं स्टेशनांत घेत होते. ठाण्यापर्यंत तीन सुया, घाटकोपरपर्यंत पाच. (विणणाऱ्या बायका ओळीला सुई म्हणतात. हे कळेपर्यंत 'चार सुया विणून दाखव' म्हटल्यावर मी चार सुया विकत आणायला निघाले होते.) आठवड्याने एक बाजू झाली. मोजली तर 20 सेंटिमीटर रुंद. हवी होती 17. दोन्ही बाजू जोडल्या तर बंडी बंडोपंतांना नव्हे, त्यांच्या तीर्थरूपांना झाली असती.

"सहा नंबर कशाला घेतलीस?" खिडकीतल्या काकूंनी मटार सोलता सोलता विचारलं. या काकू डब्यातलं सर्वोच्च न्यायालय. त्यांचा निकाल असा : आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड. म्हणजे आजींची सहा नंबर 4 मिलिमीटरची आणि माझी सहा नंबर 5 मिलिमीटरची. मला हवी होती आपली आठ. "उसव," काकू म्हणाल्या, "सोप्पं आहे गं."

उसवणं मात्र खरंच सोपं होतं. आठवडाभराचं काम मुलुंड यायच्या आत संपलं.

आठ नंबरवर पुन्हा 34 टाके. या वेळी दादरला मोजले तर 36. भायखळ्याला 37. दुसऱ्या दिवशी 39. मी लोकांचे ताळेबंद जुळवून पोट भरते. अडीच रुपयांचा फरक सापडेपर्यंत जेवत नाही. आणि इथे माझ्या डोळ्यांदेखत पाच टाके व्याजासारखे वाढले होते. नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी सुईला दोष दिला, लोकरीला दिला, शेवटी मध्य रेल्वेच्या हिसक्यांना दिला.

"अगं, ओळ सुरू करताना दोरा सुईवरून मागे ओढत्येस," काकूंनी मान वर न करता सांगितलं. "त्याने पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात. तू दोन्ही विणत्येस. दोरा खाली सोड."

पाच आठवड्यांतलं हे एकमेव वाक्य, जे सोपं आहे असं न सांगता खरोखर सोपं होतं.

मग एक टाका गळला. घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत येते तेव्हा माणूस गळतो, टाक्याचं काय. गळलेला टाका खाली खाली उसवत शिडी करतो. सुलट-उलट विणीत तो क्रोशाच्या सुईने एका बाजूनेच भराभर वर चढवता येतो. नुसत्या सुलट विणीत मात्र एक पायरी पुढून, एक मागून, असं दर ओळीला कापड उलटवत चढावं लागतं. म्हणजे सोपी वीण ही चूक होईपर्यंतच सोपी. माझ्या टाक्याला वर आणण्यात दोन शिक्षिका, एक नर्स आणि केसांची पिन विकणारी मावशी गुंतल्या होत्या. मावशींनी पिन वापरायला दिली, नंतर तिचे दहा रुपये घेतले.

मध्ये एकदा मी टेडीचा इतिहासही वाचला. विणायचं सोडून माणूस काहीही वाचतो. 1902 साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. सावज मिळेना म्हणून लोकांनी एक अस्वल झाडाला बांधून त्यांच्यापुढे केलं. बांधलेल्यावर गोळी झाडणार नाही, असं अध्यक्ष म्हणाले. त्यावर व्यंगचित्र आलं, ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने अस्वलाचं खेळणं केलं, त्याला अध्यक्षांचं लाडकं नाव मिळालं. त्या अस्वलाचा वंशज बंदुकीतून सुटला तो माझ्या सुयांच्या तावडीत सापडला, आणि इथे माघार घ्यायला कोणी अध्यक्ष नव्हता.

दोन्ही बाजू झाल्या. खांदे शिवले, बगला शिवल्या. रविवारी सकाळी घरातल्यांना हॉलमध्ये बोलावून मी बंडी बंडोपंतांच्या डोक्यावरून घालायला घेतली. ती कानांपाशी अडकली. ओढली, तिरकी केली, पायांकडून चढवून पाहिली तर ढेरी आडवी आली. नवऱ्याने शांतपणे टेप आणली. पोट 34. डोकं 38.

पाच आठवड्यांत मी त्याचं डोकं मोजलंच नव्हतं. माणसाच्या कपड्याला छातीचं माप लागतं, टेडीच्या कपड्याला डोक्याचं, कारण या मंडळींना मान नावाचा अवयवच नसतो. "बंडोपंतांना शिंगं फुटली असती तरी इतकं अडकलं नसतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनीच मग एक खांदा उसवला आणि नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याची दोन बटणं लावली. त्यांच्या हाताला दहा मिनिटं लागली.

बंडी बसली. पिवळीधमक, डावीकडे जरा लांब. बंडोपंत गावच्या सरपंचासारखा दिसत होता. लेकीने त्याला चारी बाजूंनी फिरवून पाहिलं, आणि खाली वाकून म्हणाली,

"आई, आता तर जास्तच नागडा दिसतोय."

सगळ्यांनी पाहिलं. पोटापर्यंत सभ्य गृहस्थ. खाली काही नाही.

सोमवारी चौथ्या सीटवर टेकले आणि पिशवीतून आठ नंबरच्या सुया काढल्या. काकू मेथी निवडत होत्या.

"आता काय?"

"चड्डी."

काकूंनी एक काडी बाजूला टाकली. "हात्तिच्या! चड्डी तर सोप्पी आहे गं."